घटनेची दुरुस्ती, मोडतोड आणि झीज



घटनेचा विषय निघाला की हल्ली आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'ही मंडळी घटना बदलणार आहेत.' दुसरं, 'घटना कुणालाही बदलता येणार नाही, सुप्रीम कोर्टानं तसं सांगूनच ठेवलंय.' पहिलं वाक्य भीतीतून येतं, दुसरं भरवशातून. पण दोन्हींच्या पोटात समजूत एकच आहे: घटना बदलते ती संसदेत, विधेयक मांडून, मतं मोजून, एका ठरावीक तारखेला. आज आपल्याला ही समजूत तपासायची आहे.

आधी साधी वस्तुस्थिती पाहू. २०२३ अखेरपर्यंत आपल्या घटनेत १०६ दुरुस्त्या झाल्या. पहिली जून १९५१ मधली, म्हणजे पहिली सार्वत्रिक निवडणूकही व्हायच्या आधीची. तेव्हा 'बदलता येणार नाही' हे खरं नाही, आणि 'बदलणार' हा आपोआप आरोप ठरत नाही. घटनेत बदल करणं वेगळं आणि घटनाच बदलणं वेगळं. या दोहोंमधली रेघ कुठे आहे, आणि तिच्यावर पहारा कुणाचा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नावरचा आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर म्हणजे केशवानंद भारती खटल्याचा निकाल. त्याचं नाव घेणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. आम्ही तो वाचतो ते कायद्याचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून. त्यामुळे कोण जिंकलं यापेक्षा युक्तिवाद कसा उभा राहिला, तो कुठे भक्कम आहे आणि कुठे पोकळ आहे, याकडे आपण जास्त लक्ष देऊ.

थोडी पार्श्वभूमी. केरळातल्या कासारगोड जवळच्या एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांनी राज्याच्या जमीन सुधारणा कायद्यांविरुद्ध अर्ज केला. मामला मठाच्या जमिनीचा, पण निघाला संसदेच्या अधिकारापर्यंत. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात न्यायालयानं सहा विरुद्ध पाच मतांनी म्हटलं होतं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी दुरुस्ती संसदेला करताच येणार नाही. त्याला उत्तर म्हणून संसदेनं २४वी आणि २५वी दुरुस्ती केली. आता १३ न्यायाधीश बसले. ६८ दिवस सुनावणी चालली. मठाच्या बाजूनं नानी पालखीवाला, केरळच्या बाजूनं एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईचेच. २४ एप्रिल १९७३ रोजी निकाल आला तो सात विरुद्ध सहा असा, आणि तोही ११ वेगवेगळ्या निकालपत्रांत विभागलेला.

निष्कर्ष आपल्याला ठाऊक आहे. संसद घटनेतलं कुठलंही कलम दुरुस्त करू शकते, मूलभूत हक्कांचंसुद्धा. पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. सहा न्यायाधीश म्हणत होते की संसदेच्या या अधिकाराला अंगभूत मर्यादा आहेत, सहा म्हणत होते की नाहीत. पारडं झुकलं ते न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या मतानं.

खन्नांचा युक्तिवाद एका शब्दावर उभा आहे. घटनेचं ३६८वं कलम 'अमेंडमेंट'चा अधिकार देतं. खन्ना विचारतात, या शब्दाचा अर्थ काय? अमेंड करायचं म्हणजे जुनी वस्तू बदललेल्या रूपात का होईना, पण उरली पाहिजे. ती उरलीच नाही, तर ते अमेंड करणं नव्हे, रद्द करणं झालं. गंमत बघा, ही गोष्ट मराठी माणसाला फोड करून सांगावी लागत नाही. हिंदीत 'संविधान संशोधन' म्हणतात. आपण 'घटनादुरुस्ती' म्हणतो. दुरुस्ती म्हटलं की काय दुरुस्त करायचं ते शिल्लक असणं आलंच. वाड्याची कौलं बदलली, वासे बदलले, भिंतीला गिलावा केला, तर दुरुस्ती. वाडा पाडून तिथे इमारत उभी केली आणि पाटीवर जुनंच नाव ठेवलं, तर तिला कुणी दुरुस्ती म्हणणार नाही. युक्तिवादाचा हा भाग आम्हाला भक्कम वाटतो. तो कुठल्याही पक्षाच्या सोयीचा नाही, शब्दाच्या अर्थातून निघालेला आहे.

आणि तो आकाशातून पडलेलाही नव्हता. १९६५ च्या सज्जनसिंग खटल्यात न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर, आपल्या विदर्भातले, यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात हाच प्रश्न विचारून ठेवला होता: घटनेचं मूळ वैशिष्ट्यच बदललं तर ती दुरुस्ती म्हणायची की घटनेच्या एका भागाचं पुनर्लेखन? त्याच वर्षी डिटर कॉनराड या जर्मन अभ्यासकानं बनारस हिंदू विद्यापीठातल्या व्याख्यानात विचारलं होतं की दुरुस्तीचा अधिकार वापरून घटनाच मोडीत काढून पुन्हा मुघल बादशाही किंवा ब्रिटिश राजवट आणता येईल का? प्रश्न विचित्र वाटेल, पण विचारणारा जर्मन होता. मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा जर्मन संसदेत दोन-तृतीयांश बहुमतानं, घटनेतल्या प्रक्रियेनंच मंजूर झाला होता. म्हणून १९४९ च्या जर्मन मूलभूत कायद्यात काही तत्त्वं कायमची दुरुस्तीबाहेर ठेवली गेली. आपल्या घटनासमितीनं तसं कलम घातलं नाही. आपल्या घटनेवर अंतिमतेचा शिक्का मारायचा नाही, हे तिनं समजूनउमजून ठरवलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी जेफरसनचा दाखला दिला तो याचसाठी: मागच्या पिढीनं पुढच्या पिढीला कायमचं बांधून ठेवू नये. तेव्हा 'मूलभूत चौकट' हे शब्द घटनेत कुठेही नाहीत, ते न्यायाधीशांनी वाचले, हा आक्षेप खरा आहे. 'दुरुस्ती' या शब्दाचा अर्थ लावताना त्यांना ते वाचावे लागले, हेही तितकंच खरं.

आता पोकळ जागेकडे येऊ. चौकट म्हणजे नेमकं काय? सरन्यायाधीश सिक्री यांनी पाच गोष्टी सांगितल्या: घटनेचं सर्वोच्चत्व, प्रजासत्ताक आणि लोकशाही शासनपद्धती, धर्मनिरपेक्षता, सत्ताविभाजन आणि संघराज्य. इतर न्यायाधीशांच्या याद्या याहून वेगळ्या. पुढच्या खटल्यांत याद्या वाढत गेल्या. इथे आम्हाला 'मिलिंदपञ्ह'मधला रथ आठवतो. नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास म्हणतोस, तर रथ कुठला? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागतं. सुटे भाग एका विशिष्ट रीतीनं जुळले की त्या जुळणीला आपण रथ म्हणतो.

केशवानंद निकालातल्या याद्या म्हणजे चाकं आणि आस मोजण्याचा प्रकार आहे. चौकट या शब्दाचा खरा अर्थ जुळणीत आहे: सत्ता कुणाच्या हाती, ती हाताबाहेर गेली तर आवरणारं कोण, आणि आवरणाऱ्याला नागरिक जाब कसा विचारणार. या तिन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध म्हणजे चौकट. खन्ना याच्या जवळ आले होते. त्यांनी लांबलचक यादी दिली नाही. दुरुस्तीनंतर घटनेची ओळख उरते का, एवढंच विचारलं. मालमत्तेचा हक्क मूलभूत चौकटीत येत नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण पुढे वकिलांना आणि न्यायालयांना यादीच सोयीची वाटली.

या तत्त्वाची परीक्षा दोनच वर्षांत झाली. जून १९७५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. ऑगस्टमध्ये ३९वी दुरुस्ती आली. तिनं पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेतून बाहेर काढली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या दुरुस्तीतलं मुख्य कलम रद्द केलं. १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीनं संसदेच्या दुरुस्ती-अधिकाराला मर्यादाच नाही असं लिहून टाकलं. १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात तेही रद्द झालं. तो बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. हे पुण्याचे गृहस्थ १९७३ मध्ये अल्पमतात होते, संसदेवर अशी मर्यादा नाही असं म्हणणाऱ्या सहांपैकी एक! सात वर्षांत काय काय घडू शकतं हे पाहिल्यावर माणसाचं मत बदलतं. ते बदलण्यात आम्हाला विसंगती दिसत नाही.

इथपर्यंत गोष्ट विजयाची आहे, आणि बहुतेक लोक ती इथेच संपवतात. आपण थोडं पुढे जाऊ.

१९७५ च्या त्याच निवडणूक खटल्यात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दुरुस्तीचं कलम रद्द झालं, पण इंदिराबाईंची निवडणूक वैध ठरली. कशी? निवडणूक कायदा पूर्वलक्षी प्रभावानं बदलला होता, साध्या कायद्यानं, आणि तो बदल न्यायालयानं मान्य केला. मूलभूत चौकटीची कसोटी घटनादुरुस्तीला लावायची, साध्या कायद्याला नाही, अशी भूमिका तिथे काही न्यायाधीशांनी घेतली. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप लागलं आणि काम मागच्या दारानं झालं.

त्याहून गंभीर गोष्ट एप्रिल १९७६ ची. आणीबाणीत राष्ट्रपतींच्या आदेशानं मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जायचा मार्ग बंद केलेला. स्थानबद्ध माणसानं विचारायचं, मला कुठल्या कायद्यानं डांबलंत? जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं, हे विचारायची आत्ता सोय नाही. एकटे खन्ना विरोधात होते. बहुमतात चंद्रचूडही होते. आता बघा, जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क सांगणाऱ्या २१व्या कलमातला एक शब्दही बदलला नव्हता. मूलभूत चौकटीचं तत्त्व तीन वर्षांपूर्वीच प्रस्थापित झालेलं. चौकट जागेवर होती आणि घरातला माणूस उचलून नेला होता.

आणि हे दुरुस्त कशानं झालं? घटनादुरुस्तीनं. १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीनं ठरवलं की आणीबाणीतसुद्धा २०वं आणि २१वं कलम स्थगित करता येणार नाही. आपल्या घटनेच्या इतिहासातली एक मोठी मोडतोड कुठलंही कलम न बदलता झाली, आणि तिच्यावरचा टिकाऊ इलाज कलम बदलून झाला. 'घटनेला हात लावू नका' एवढीच घोषणा पुरेशी मानणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

तेव्हा बदलाचे प्रकार नीट वेगळे करायला हवेत. दुरुस्ती उघड असते, तिला तारीख आणि क्रमांक असतो. मोडतोडही बहुधा दुरुस्तीच्या वेषात येते आणि केशवानंद निकाल तिला अडवू शकतो. तिसरा प्रकार झिजेचा. मजकूर तोच राहतो, वापर बदलतो. उंबरा पावलांनी झिजावा तसं. कुठल्या दिवशी झिजला, सांगता येत नाही.

मजकुराबाहेरचा प्रत्येक बदल वाईट असतो असं नाही, हेही सांगायला हवं. महाराष्ट्र राज्यच घ्या. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले ते संसदेच्या साध्या बहुमताच्या कायद्यानं. घटनेतली राज्यांची यादी बदलली, नकाशा बदलला, पण चौथं कलम स्पष्ट म्हणतं की अशा कायद्याला घटनादुरुस्ती मानायचं नाही. तरीही तो बदल चोरून झाला नाही. वर्षानुवर्षं आंदोलन झालं, वाद झाला, रक्तसुद्धा सांडलं. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी मत दिलं.

झीज कशी होते, याचं आम्हाला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून पुढे आलं. तिथले अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा बिहारमधल्या जमीनव्यवस्थेचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आलं की तिथे कायद्यांऐवजी वटहुकूमच भेटतात. घटनेप्रमाणे वटहुकूम ही तातडीची सोय. विधिमंडळ भरल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर व्हावा, नाहीतर संपावा. बिहारमध्ये मुदत संपत आली की तोच वटहुकूम पुन्हा काढायचे. १९६७ ते १९८१ या काळात २५६ वटहुकूम निघाले आणि ते असे पुनःपुन्हा काढून एक ते १४ वर्षं जिवंत ठेवले गेले. १४ वर्षांची तातडी! विधानसभा होती, निवडणुका होत होत्या, २१३वं कलम जसंच्या तसं होतं. फक्त कायदा करण्याचं काम विधानसभेकडून सचिवालयात गेलं होतं. वाधवा हे घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये न्यायालयानं ही पद्धत घटनेशी केलेली फसवणूक ठरवली.

या प्रकरणात मूलभूत चौकटीच्या यादीची गरज पडली नाही. गरज पडली ती नोंदी चाळत बसणाऱ्या एका अभ्यासकाची. एवढी वर्षं तिथले आमदार, वकील, संपादक काय करत होते, हा प्रश्न मनात येतो. पण तो आपल्यालाही लागू आहे.

पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्टही असंच. १९८५ मध्ये ५२व्या दुरुस्तीनं ते आलं. आपल्या राज्यात जून २०२२ मध्ये अपात्रतेच्या याचिका दाखल झाल्या. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये निकाल देऊन अध्यक्षांना वाजवी मुदतीत निर्णय घ्यायला सांगितलं. निर्णय आला जानेवारी २०२४ मध्ये. कुठला गट बरोबर, हा आजचा विषय नाही. विषय एवढाच, की पाच वर्षांच्या सभागृहात 'सदस्य पात्र आहे का' या प्रश्नाला दीड वर्ष लागलं, तर परिशिष्टाचे शब्द शाबूत असूनही त्यांचा उपयोग किती उरला?

आता न्यायालयाकडेही त्याच नजरेनं पाहू, नाहीतर टीका एकांगी होईल. न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबत १२४वं कलम राष्ट्रपतींनी न्यायाधीशांशी 'विचारविनिमय' करावा असं म्हणतं. १९९३ च्या निकालात न्यायालयानं त्याचा अर्थ असा लावला की अखेरचा शब्द न्यायाधीशांचाच राहील. त्यातून कॉलेजियम आलं. मजकूर तोच, अर्थ नवा. २०१४ मध्ये संसदेनं दुरुस्ती करून नियुक्ती आयोग आणला, निम्म्याहून अधिक राज्यांनीही ती मान्य केली. ऑक्टोबर २०१५ मध्ये न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं ती रद्द केली. कारण? न्यायपालिकेचं स्वातंत्र्य मूलभूत चौकटीचा भाग, आणि नेमणुकीत न्यायाधीशांचं प्राधान्य हा त्या स्वातंत्र्याचा भाग.

स्वातंत्र्य हे मूलतत्त्व आहे, यात वाद नाही. आयोगाच्या रचनेविषयी शंका घ्यायलाही जागा होती. पण त्या तत्त्वाची एक विशिष्ट व्यवस्था, जी न्यायालयानंच अर्थ लावून निर्माण केली, तीसुद्धा अढळ मानायची का? इथे आम्हाला युक्तिवाद घसरलेला दिसतो. न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी वेगळं मत नोंदवलं ते महत्त्वाचं. रथाच्या भाषेत सांगायचं तर चाकाची एक जात म्हणजेच रथ, असं ठरवण्यासारखं हे झालं. चौकटीचा पहारेकरी स्वतःच्या खोलीलाही चौकट म्हणू लागला, तर त्याला विचारायचं कुणी?

मग केशवानंद निकाल चुकीचा म्हणायचा का? मुळीच नाही. तो नसता तर ३९व्या आणि ४२व्या दुरुस्तीपुढे आपण हात टेकले असते. आमचा आक्षेप निकालाला नाही, त्यातून आलेल्या निश्चिंतीला आहे. १३ न्यायाधीशांनी एकदा दार लावून घेतलं, आता झोपायला हरकत नाही, अशी ती निश्चिंती.

डॉ. आंबेडकरांनी हे केशवानंद निकालाच्या पंचवीस वर्षं आधी सांगितलं होतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना, त्यात प्रशासनाचे इतके बारीक तपशील का घातले, या टीकेला त्यांनी उत्तर दिलं. त्याचा आशय असा: घटनेचं रूप न बदलता, नुसतं प्रशासनाचं रूप बदलून घटना आतून विपरीत करून टाकता येते. म्हणून घटनात्मक नीती हवी. ती उपजत नसते, रुजवावी लागते, आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे. ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रोट या इंग्रज इतिहासकाराकडून त्यांनी हा विचार घेतला. नीती म्हणजे इथे सद्गुणांचा उपदेश नाही. सत्तेवर असताना, करणं शक्य असूनही, न करण्याची सवय. आणि सत्तेवर नसताना जाब विचारण्याची सवय.

म्हणून आपल्यासारख्या श्रोत्यांनी 'घटना बदलणार का' एवढाच प्रश्न धरून बसू नये. कुठलाही बदल समोर आला, मग तो दुरुस्ती असो, साधा कायदा असो, वटहुकूम असो की न्यायालयाचा निकाल, तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात. या बदलानंतर सत्ताधाऱ्याला जाब विचारण्याची जागा उरते का? हा बदल उघड चर्चेतून झाला, की मुदती वाढवत आणि निर्णय लांबवत? आणि ज्यानं बदल केला त्यालाच त्याचा फायदा होतो का? या कसोट्या संसदेला लावा, राज्य सरकारला लावा, न्यायालयालाही लावा. आपल्याला आवडणारा पक्ष सत्तेवर असताना लावणं कठीण जातं, पण खरी गरज तेव्हाच असते.

वाधवांनी जे केलं त्यासाठी वकिलीची सनद लागली नव्हती. सरकारी नोंदी सार्वजनिक होत्या. त्या कुणीतरी बसून मोजायला हव्या होत्या. आपल्या विधानसभेचं अधिवेशन वर्षात किती दिवस भरतं, किती विधेयकं चर्चेशिवाय मंजूर होतात, एवढं जरी आपल्यातल्या दहा जणांनी नियमानं टिपून ठेवलं, तरी आजचं बोलणं कारणी लागलं असं आम्ही मानू.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.